बैलगाडीला नंबर नसतो

परवा भाच्याचा फोन आला. नेरडीगोंड्याजवळ हायवेवर त्याच्या मित्राला कुणीतरी उडवलं होतं, पाय मोडला होता, आणि आता दावा लावायला चांगला वकील पाहिजे होता. तुमचं मेडिकल इतकी वर्षं आदिलाबादला सरकारी दवाखान्यासमोर होतं मामा, तुम्हाला माहीत असणारच, असं त्याचं म्हणणं. मी सांगितलं, कोर्टात स्वतः जा, दोन-चार वकिलांसमोर बस, बोल, आणि जो न बोलावता आला असेल त्याला दारातूनच वाटेला लाव. तर म्हणतो, एक जण आलाय ना मामा, फार भला माणूस आहे, आल्या आल्या सगळ्यांना पाणी पाजलं त्यानं. फोन ठेवला आणि चहा तसाच सोडून उठलो. तो माणूस दुसराच कुणी असेल, पण मला मारोती झाडे आठवला.

झाडे मूळचा बेल्याकडचा, म्हणजे आमच्याच भागातला. बाप कापूस-ज्वारी पिकवायचा, दारात बैलजोडी होती. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे याचं काम पडणार आहे. शेती भावाच्या गळ्यात घालून तो तरुणपणीच आदिलाबादला आला आणि काय काय करून शेवटी दवाखान्याच्या फाटकाशी स्थिरावला. मी त्याला ओळखायला लागलो तेव्हा तो पन्नाशीचा असेल. अंगात पांढरा सदरा, खांद्यावर दस्ती, हातात पाण्याची बाटली. बाटली कायम थंडगार. ती थंड कशी राहते हे मला एके दिवशी कळलं, कारण माझ्या दुकानातल्या फ्रिजमध्ये, इन्सुलिनच्या खोक्यांमागे, त्याच्या दोन बाटल्या सापडल्या. मी त्या बाहेर काढून ठेवल्या. तो रागावला नाही. तो कधीच रागावायचा नाही. दुसऱ्या दिवसापासून शेजारच्या ज्यूसवाल्याच्या फ्रिजमध्ये ठेवायला लागला.

लोक त्याला वकीलसाब म्हणायचे आणि तो ते खोडून काढायचा. "मी वकील नाही जी, मी निस्ता माणूस हाय," असं म्हणून छातीवर हात ठेवायचा. वकील वेगळे होते. ते दूर कुठंतरी बसायचे आणि झाडे त्यांना माणसं पुरवायचा. अपघातात मेलेल्यांची आणि मोडलेल्यांची माणसं. वकिलाचं तोंड कोर्टात तारीख लागेपर्यंत कुणाला दिसत नसे. तोवर जे काही असेल ते झाडे.

त्याचं रडणं मी फार जवळून पाहिलंय. दवाखान्यात रुग्णवाहिका शिरली की तो ज्यूसवाल्याकडून बाटली घेऊन रस्ता ओलांडायचा, आणि पलीकडे पोचेपर्यंत त्याचे डोळे भरलेले असायचे. खोटे अश्रू असते तर मी त्याला नाटक्या म्हणून सोडून दिलं असतं. ते खरे होते, गालांवरून ओघळायचे, नाक लाल व्हायचं. बायांच्या हाती पाणी द्यायचा, म्हाताऱ्यांच्या पाठीवरून हात फिरवायचा, कुणाची चप्पल राहिली असेल तर शोधून आणायचा. पोलिसांशी तेलुगूत, वॉर्डबॉयशी हिंदीत आणि आपल्या माणसांशी आपल्या बोलीत बोलायचा. दुःखातल्या माणसाला अशा वेळी आपली बोली कानावर पडली की तो अर्धा त्याच्या खांद्यावरच पडतो. हे सगळं झालं की डोळे पुसत पुसत तो पहिला प्रश्न विचारायचा.

"जावई कोण हाय?"

हे शिकायला त्याला कुणाकडे जावं लागलं नव्हतं. आपल्याकडे घरात माणूस गेला की बाप-भाऊ सुतकात बसतात, कुठं जात नाहीत, कशाला हात लावत नाहीत. बाहेरची धावपळ जावयाच्या माथी येते. लाकडं, गाडी, पोलीस ठाणं, कचेरी, सगळं जावई. बरं, जावयाचा मान असा की त्यानं एकदा हो म्हटलं की सासरवाडीतलं कुणी नाही म्हणत नाही. म्हणून झाडे बापाशी बोलायचा नाही, बायकोशी बोलायचा नाही. जावयाला बाजूला घ्यायचा, चहा पाजायचा, आणि चहा संपेपर्यंत त्याची सही किंवा अंगठा घेऊन मोकळा व्हायचा. आपल्याच रीतीला धरून आपल्याच माणसांच्या घरात शिरायची ही त्याची वाट होती आणि मला सगळ्यात जास्त किळस त्याचीच यायची.

एकदा इंद्रवेल्लीकडचा एक माणूस आला. जीप उलटली होती, बाकीच्यांना बराच मार होता, हा मात्र गुडघा खरचटून चालत चालत आला. झाडेच्या चेहऱ्यावर निराशा दिसली, अगदी सरळ दिसली. मग तो माझ्याकडे येऊन प्लास्टरच्या पट्ट्या मागायला लागला. मी विचारलं कुणासाठी, तर म्हणे त्याच गुडघ्यासाठी. पट्ट्या देणार नाही म्हटलं. आणखी बरंच बोललो, ते इथं लिहिण्यासारखं नाही. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "दुकानदार, गाड्या धडकल्या की तुमचं बी दुकान चालते ना? मंग आमच्यावर काऊन तापता?" त्या दिवशी घरी जेवायला बसलो आणि ताट तसंच सरकवलं. बायकोनं विचारलं, काय झालं. म्हटलं, एक माणूस भेटला होता.

त्याच्या धंद्याची खरी करामत वेगळीच होती. आपल्या रस्त्यांवर निम्म्या वेळेला धडक मारणारी गाडी सापडतच नाही. लॉरी येते, मारते, निघून जाते. मग दावा कुणावर लावायचा? झाडे म्हणायचा, गाडी सापडत नसंल तर आनता येते. त्याच्या ओळखीत विमा भरलेल्या गाड्यांचे दोन-तीन मालक होते. त्यातला एक आपल्या टेंपोच्या नावावर ती धडक घ्यायचा, ड्रायव्हर कोर्टात किरकोळ दंड भरून सुटायचा, विमा कंपनीकडून भरपाई आली की वाटण्या व्हायच्या. राहता राहिला साक्षीदार. कुणीतरी टेंपो पाहिलेला पाहिजे. आणि झाडेचे सगळे साक्षीदार, एकजात सगळे, बैलगाडीतून मागून येत असायचे.

मी एकदा विचारलं, बैलगाडीच का? तर माझ्या काउंटरवर कोपर टेकवून त्यानं मला अगदी प्रेमानं समजावलं. मोटरसायकलवर साक्षीदार बसवला की विमा कंपनीचा वकील लायसन मागतो, कागद मागतो. बसमध्ये बसवला तर तिकीट मागतो. पायी चालवला तर विचारतो, इतक्या लांब पायी कशाला गेला होतास. "बैलगाडीला नंबर नसते, दुकानदार. लायसन नाही, इन्सुरन्स नाही. हळू चालते म्हनून सारं दिसते." असं म्हणून तो हसला. शेतकऱ्याच्या पोटी जन्मून बैलगाडीचा असा उपयोग शोधणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

आता तुळशीरामबुवाची गोष्ट सांगतो.

बेल्याजवळच्या एका गावात तुळशीरामबुवा, त्याचा मुलगा गजानन आणि सून वनिता असं घर होतं. एक नात शाळेत. थोडी ज्वारी, थोडा कापूस, आणि विहिरीशेजारच्या तुकड्यात वांगी. वांगी वनिता तोडायची आणि गजानन मोटरसायकलवर दोन्ही बाजूंना पोती बांधून आदिलाबादच्या बाजारात आणायचा. घर चालायचं ते त्या वांग्यांवर. बुवाच्या दम्याची औषधं तो माझ्याकडून न्यायचा, म्हणून ओळख. पोळ्याच्या दिवशीही दुपारी येऊन गेला, कारण वांगी पोळ्यासाठी थांबत नाहीत. बैलांसाठी नवे कासरे घेतले होते, ते गळ्यात अडकवून माझ्या दुकानासमोर उभा राहिला, औषध घेतलं आणि संध्याकाळच्या आत पोचायचंय म्हणून निघाला. वाटेत लॉरीनं मारलं. कुणी पाहिलं नाही. रस्त्यावर तो, गाडी आणि ते कासरे सापडले.

त्याला आणलं तेव्हा मीही पलीकडे गेलो. झाडे माझ्याआधी पोचला होता. गजाननच्या बहिणीचा नवरा, म्हणजे त्या घरचा जावई, भिंतीला टेकून उभा होता. साधा माणूस, घाबरलेला. मी वनिताशी दोन शब्द बोलून वळेपर्यंत झाडे त्याला चहाच्या टपरीवर घेऊन गेला होता. पुढच्या काही दिवसांत पोलिसांच्या कागदावरची अज्ञात लॉरी जाऊन तिथं एक पिवळा टेंपो आला. जावयानंच जबाब दिला की सासऱ्यानं पाहिलंय.

मी वनिताला सांगितलं, हे बरं नाही. ती औषधं घ्यायला यायची, तेव्हा सांगितलं. ती म्हणाली, "दादा, मले समजते. पन बाजारात वांगे कोन नेईन? मामाजीले दम लागते, मले गाडी येत नाही. पोरीची शाया सुटली तं ते बी माह्यासारखीच वांगे तोडत राहीन. जावयाने शबद देल्ला, आता माघार कशी घ्याव?" तिला चैन नको होती. पोरगी शाळेत राहावी आणि घर उभं राहावं, एवढ्यासाठी तिला तो दावा हवा होता. मी तिची औषधं बांधून दिली, कारण माझ्याजवळ तिला द्यायला दुसरा रस्ता त्या वेळी नव्हता.

बुवा खोटं बोलायला तयार नव्हता. आयुष्यात पंचांसमोर उभा न राहिलेला माणूस तो. पण नातीकडे पाहून तयार झाला. झाडे त्याला माझ्या दुकानाच्या पायरीवर बसवून शिकवायचा. टेंपो कोणत्या रंगाचा? पिवळा. कुठून आला? समोरून. नंबरचे शेवटचे आकडे? बुवा ते बरोबर सांगायचा आणि प्रत्येक वेळी सांगून झालं की तोंड फिरवून थुंकायचा. झाडेला वाटायचं, तंबाखू आहे. बुवा तंबाखू खात नव्हता.

साक्षीच्या दिवशी वनितानं मला सोबत बोलावलं म्हणून मी कोर्टात गेलो. आमच्या वकिलाचं दर्शन तेव्हाच झालं. त्याला बुवाचं नाव कागदात पाहून घ्यावं लागलं. बुवाचं म्हणणं आधीच इंग्रजीत टाइप होऊन त्यावर अंगठा झाला होता. त्यात काय आहे ते कुणी बुवाला धड वाचून दाखवलं नव्हतं. रंग आणि आकडे पाठ असले की झालं, असा झाडेचा हिशेब. तो मागच्या बाकावर दस्ती मांडीवर ठेवून बसला होता.

विमा कंपनीचा वकील तेलुगूत विचारायचा आणि कोर्टातला एक कारकून ते मराठीत सांगायचा. टेंपोचा रंग विचारला, बुवानं सांगितला. आकडे विचारले, सांगितले. वनिताचा श्वास मला ऐकू येत होता. वकिलाला फार काही सापडत नव्हतं, उगाच वेळ काढावा तसं त्यानं विचारलं की तुम्ही बैलगाडीत होता, तर गाडीत माल काय होता? बुवानं कारकुनाकडे पाहिलं. कोणती गाडी, म्हणाला. कारकून म्हणाला, तुमची बैलगाडी, मुलगा गेला त्या दिवशी तुम्ही बैल जुंपून मागून येत होता ना?

बुवा कठड्याला धरून सरळ उभा राहिला.

"त्या दिवशी पोया होता," तो म्हणाला. "पोयाच्या दिवशी बैल जुपत नसते, साहेब."

कारकून आपल्याच भागातला. त्याला पुढचं तेलुगूत सांगताना जड गेलं. जज्जसाहेबांनी मान वर केली. पोळ्याची अमावस्या त्यांच्याकडेही पाळतात. त्यांनी स्वतः विचारलं, मग त्या दिवशी बैल कुठं होते? मागून झाडेच्या खोकण्याचा आवाज आला. आमच्या वकिलानं बुवाकडे डोळे मोठे करून पाहिलं. अजूनही सावरता आलं असतं. थोडं काम राहिलं होतं, असं काहीतरी म्हटलं असतं तर चाललं असतं. मुलाच्या मरणाबद्दल खोटं बोलायला बुवानं मन घट्ट केलं होतं, पण सणाच्या दिवशी बैलांच्या मानेवर जू ठेवलं, हे त्याच्या तोंडून निघेना. "तोरनाखाली होते," तो म्हणाला. "शिंगं रंगवली होती. मी त्यायच्या जवळ उभा होतो. पोऱ्या कासरे घिऊन येनार होता. तितक्यात खबर आली. मी काई पायलं नाही साहेब. मले निस्तं सांगून ठिवलं होतं."

वनिता रडली नाही. पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसून राहिली. दावा फेटाळला गेला. पुन्हा असं केलं तर खोट्या साक्षीचा खटला होईल अशी तंबी मिळाली, आणि ती कुणाला, तर बुवाला. टेंपोवाला त्याआधीच निघून गेला होता.

बाहेर आल्यावर झाडे काय बोलतो याची मला उत्सुकता होती, खोटं कशाला सांगू. वाटलं, आज तरी याची मान खाली जाईल. त्यानं बुवासमोर उभं राहून, आवाज न चढवता, दुखावलेल्या माणसासारखं विचारलं, "बुवा, एक दिवस बैल जुपले म्हनलं असतं तं ते बैल काय कोरटात येनार होते?" बुवानं त्याच्याकडे पाहिलं आणि त्याच्या पायाशी थुंकला. या वेळी झाडेला कळलं असावं, कारण तो एक पाऊल मागं सरला.

ते एवढ्यावर संपलं असतं तर मी त्याला एक लुच्चा माणूस म्हणून विसरलो असतो. पुढं काही दिवसांनी महसूल कचेरीतला एक माणूस औषध घ्यायला आला, तेव्हा हा विषय निघाला. तो म्हणाला, गाडी सापडली नाही तर तिच्या धडकेत गेलेल्याच्या वारसांना सरकारकडून मदत असते, ठरलेली. कचेरीत दरखास्त द्यायची, वकील लागत नाही. मी दुकान बंद करून वनिताला घेऊन कचेरीत गेलो. तिथल्या साहेबांनी कागद पाहिले आणि परत दिले. पोलिसांच्या कागदात पिवळा टेंपो आहे म्हणाले, तुम्हीच लिहून दिलाय, आता अज्ञात गाडी म्हणून आम्ही कसं धरायचं? वरच्या कोर्टात जाऊन टेंपोचं नाव काढून आणा, मग बघू. वनितानं कागद पिशवीत घातले. जिना उतरताना ती म्हणाली, "म्हंजे खरं सांगतलं असतं तं भेटलं असतं?" मी हो म्हटलं. यापेक्षा वाईट हो मी आयुष्यात कुणाला म्हटलेलं नाही.

झाडेला मी फाटकाशीच गाठलं. तुला ही मदत माहीत होती का, असं सरळ विचारलं. त्यानं लपवलं नाही.

"मायीत हाय ना जी," तो म्हणाला. "पन त्याच्यात वकील लागत नाही. मंग आपलं काय काम?"

इतक्या सहज म्हणाला की मला त्याच्या अंगावर धावून जायचंही सुचलं नाही. स्वतःला त्यातलं काही मिळणार नाही म्हणून यानं एका घराच्या तोंडचा घास मातीत घातला होता, आणि ते सांगताना तो माझ्या दुकानाच्या पायरीवरची धूळ दस्तीनं झटकून बसायच्या तयारीत होता. मी त्याला बसू दिलं नाही.

वनिता पुढं मोटरसायकल शिकली. आता तीच पोती बांधून बाजारात येते, सावकाश चालवते, लॉरी दिसली की रस्त्याच्या कडेला उतरून उभी राहते. पोरगी अजून शाळेत आहे, किती दिवस राहील ते वनितालाही सांगता येत नाही. बुवा पुढच्या पोळ्याआधी गेला. वरच्या कोर्टाचं काय झालं असं मी विचारत नाही, कारण मला उत्तर माहीत आहे.

झाडेला मी शेवटचं पाहिलं ते दुकान विकायच्या थोडं आधी. भर दुपार होती, गिऱ्हाईक नव्हतं. तो आला, पण आज काउंटरवर कोपर टेकवले नाहीत. थेट आत वाकून भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडे पाहायला लागला. चष्मा वर केला, एक पान उलटलं, परत खाली सोडलं, एका चौकोनावर बोट ठेवलं. मला आधी कळेना. मग त्यानं वळून विचारलं, "दुकानदार, या तारखेले सण-बिन तं नाही ना काई?"

मी हिशेबाची वही उघडली. त्यानं स्वतःच पुन्हा एकदा वाचून खात्री केली, समाधानानं मान हलवली आणि दस्ती खांद्यावर टाकली. तेवढ्यात समोरच्या फाटकातून रुग्णवाहिका आत शिरली. त्यानं ज्यूसवाल्याकडून बाटली घेतली आणि रस्ता ओलांडायला लागला. पलीकडे पोचून त्यानं रुग्णवाहिकेतून उतरणाऱ्या एका म्हाताऱ्या बाईचा हात धरला, तेव्हा त्याचं नाक लाल झालं होतं आणि गालांवर पाणी होतं. मी उठलो, ती दिनदर्शिका खिळ्यावरून काढली आणि फाडून टाकली.